पाठ आणि पोतं

सोयाबीनचा हंगाम चालू असताना लातूरच्या आडत बाजारात तासभर उभं राहिलं, की एका पोत्याला किती पाठी लागतात ते दिसतं. शेतकऱ्याच्या टेम्पोतून उतरवायला एक, काट्यावर चढवायला दुसरी, थप्पीला लावायला तिसरी, संध्याकाळी ट्रक भरायला चौथी. नांदेडच्या नव्या मोंढ्यात हळदीचे कट्टे असेच फिरतात. आणि ते पोतं भरण्याआधी शेतात विळा घेऊन जी पाठ दिवसभर वाकलेली असते, तिचा हिशेब मोंढ्यात कुणी धरत नाही.

या पाठींबद्दल आपल्याकडे दोन मतं ठाम आहेत. एक म्हणतं, पाठ वापरली तर टिकते. दुसरं म्हणतं, पाठ जपली तर टिकते. पहिलं तालमीत आणि मोंढ्यात ऐकू येतं, दुसरं दवाखान्यात. दोन्ही मतांना एकमेकांचं पुरतं ऐकून घ्यायला सवड मिळत नाही, म्हणून मी त्यांना इथं एका ओसरीवर समोरासमोर बसवलं आहे. काका उमेदीत तालमीत घुमले, मग तीस वर्षं हमाली केली, आता टोळीचे मुकादम आहेत. पुतणी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्रात एम.डी. करते. माणसं मी रचलेली आहेत, त्यांच्या बोलण्यातलं शरीरशास्त्र मात्र खरं आहे. दिवाळीची सुट्टी आहे, काकूची कंबर आठ दिवसांपासून धरली आहे, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

काका : तुझ्या काकूला सांग बाई, ऊठ म्हणावं. अंथरूण धरलं की कंबर आणखीच धरतीय. आमच्या टोळीत कुणाला उसण भरली तर दुसऱ्या दिवशी त्याला मोंढ्यात आणून बसवतो. पोती मोजायला लावतो, बारदान्याच्या घड्या घालायला लावतो, पण घरी झोपू देत न्हाई.

पुतणी : हे तुम्ही बरोबर करता, काका. पूर्वी डॉक्टरसुद्धा आठ-पंधरा दिवस पडून राहा म्हणायचे. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबर धरलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले, आणि दुखणं बरं होण्यात काही फरक पडला नाही. पडून राहण्यात फायदा नाही, हे आता सगळे मानतात.

काका : मग झालं तर! आमच्या आजीच्या काळी पायाळू बाईला बोलवायचे. ती पाठीला हळूच लाथ लावायची, उसण निघून जायची. कुठला दोन दिवसांचा आराम अन् काय.

पुतणी : निघून जायची, कारण बहुतेक उसण आपोआपच जाते. काही दिवसांत, फार तर चार-सहा आठवड्यांत. पायाळू बाई येईपर्यंत ती निम्मी उतरलेली असायची. माझं म्हणणं उसण जाण्याबद्दल नाही, ती गेल्यावर आत काय बिघडलेलं राहतं त्याबद्दल आहे. ते दाखवते, पण तुम्हाला सदरा काढावा लागेल.

काका : (सदरा काढत) बग. साठी उलटली तरी ही पाठ बग. बिराजदार मामांच्या मुलखातली पाठ हाय.

हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, आणि काकांच्या वयाच्या माणसांनी पाठीकडे बघायची नजर त्या काळच्या तालमीतून घेतली. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट. पाठ लागू नये यासाठीच सगळी मेहनत. जोर, सपाट्या, दोर चढणं, फावड्यानं हौदा खणणं. या मेहनतीनं जी पाठ तयार होते ती खांद्याला रुंद आणि कमरेला निमुळती असते, आणि ती बघूनच पैलवान ओळखतात.

पुतणी : पाठ देखणी आहे, यात वाद नाही. पण ही जी दिसते ना, ती खरं तर पाठीची नाही. हाताची आहे.

काका : म्हंजे? हाताची पाठ कशी असंल?

पुतणी : हा वरचा रुंद स्नायू बघा. कवटीच्या तळापासून सुरू होतो, दोन्ही खांद्यांपर्यंत पसरतो आणि खाली छातीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत येतो. हा ट्रॅपेझियस. खांद्याचा फरा वर उचलणं, मागं ओढणं, फिरवणं हे त्याचं काम. पोतं मानेमागं घेता तेव्हा ते याच्यावर टेकतं. हा दुसरा, कमरेपासून निघून बगलेखालून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटणारा लॅटिसिमस डॉर्साय. वर गेलेला हात खाली आणि मागं खेचायचं काम याचं. दोर चढायचात ते याच्या जिवावर. शवविच्छेदनात आम्ही हे थर एकेक करून उलटतो, तेव्हा आतल्या अंगाला प्रत्येकाची नस सापडते. लॅटिसिमसची नस धरून मागं मागं गेलं की बोट बगलेत पोचतं, आणि तिथून मानेत. हाताच्या बाकी नसा जिथून निघतात, तिथूनच हीपण निघते. ट्रॅपेझियसची त्याहून वरची, मेंदूच्या नसांच्या बारा जोड्यांतली अकरावी. पाठीनं या स्नायूंना नुसती जागा दिली आहे. चाकरी ते हाताची करतात.

काका : अन् पाठीचा स्वतःचा कोणता मग?

पुतणी : तो आत आहे. चटईवर पालथे व्हा.

काका पालथे झाले. पुतणीनं दोन्ही अंगठे कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या दोन अंगांना, मधल्या हाडाला अगदी लागून, खोल दाबून धरले.

पुतणी : आता उजवा हात डोक्याच्या पुढं पसरा. पसरलात? आता तो जमिनीपासून दोन बोटं वर उचला. जास्त नको.

काका : हं. उचलला.

पुतणी : माझ्या डाव्या अंगठ्याखाली काहीतरी टणक होऊन वर आलं. तुम्ही हात उचलला उजवा, आणि कमरेत डावीकडचा स्नायू जागा झाला. हा मल्टिफिडस. याच्या छोट्या छोट्या पट्ट्या एका मणक्यावरून निघून दोन ते चार मणके ओलांडून दुसऱ्याला धरतात, आणि कमरेत तो सगळ्यांत जाड असतो. त्याच्यावर इरेक्टर स्पायनी नावाचे तीन उभे पट्टे आहेत, माकडहाडाच्या वरच्या बाजूपासून थेट कवटीपर्यंत गेलेले. तुम्हाला कमरेवर दोन अंगांना जे उंचवटे लागतात ते हेच. या सगळ्यांच्या नसा प्रत्येक मणक्यापाशी पाठीच्या कण्यातून सरळ मागं येतात, बगलेतून फिरून येत नाहीत. हे खरे पाठीचे.

काका : हात उचलला तर कमरेनं कामून जागं व्हावं? तिच्यावर काय वजन पडलं?

पुतणी : हात पुढं गेला की अंगाचा तोल बदलतो. तो सावरायला कमरेचा स्नायू आधीच तयार होतो. पोतं खांद्यावर यायच्या आधी तुमची पाठ त्याच्यासाठी ताठलेली असते, तुम्हाला कळतसुद्धा नाही. प्रयोगशाळेत कमरेचे मणके, त्यांच्यामधल्या गाद्या आणि अस्थिबंध तसेच ठेवून फक्त स्नायू काढून टाकले, आणि त्या कण्यावर वरून वजन टाकत गेले. सुमारे ९ किलोला तो वाकडा होऊन कोसळला.

काका : नऊ? अन् त्याच कण्यावर मी क्विंटलचं पोतं न्यायचो!

पुतणी : नऊ. तुमचं नुसतं डोकं, हात आणि धड मिळून त्याच्या चौपटीहून जास्त भरेल. मांडवाची मेढ एकटी कुठं उभी राहते? चारी बाजूंनी ताणे लागतात. मागून हे स्नायू, बाजूनं क्वाड्रेटस लंबोरम, पुढून सोअस, आणि पोटाचे स्नायू कमरेच्या जाड पडद्याला धरून दोन्हीकडून ओढ देतात. एक ताणा ढिला पडला तर मेढ लगेच पडत नाही, पण बाकीच्यांवर जास्तीचा भार येतो.

काका : माझे ताणे ढिले न्हाईत.

पुतणी : तुमच्या डाव्या अंगाला मला उजव्यापेक्षा कमी भर लागला. तुम्हाला कधीतरी डावीकडं मोठी उसण भरली होती का?

काका : (थोडं थांबून) भरली होती की. क्विंटलाच्या काळात. पंधरा दिवसांत गेली.

पुतणी : दुखणं गेलं, स्नायू परत आला नाही. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या माणसांची सोनोग्राफी करून मल्टिफिडस मोजला. ज्या अंगाला दुखत होतं त्या अंगाला तो लगेच बारीक झालेला होता. चार आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांचं दुखणं थांबलं, दहा आठवड्यांनी मोजलं तरी स्नायू बारीकच होता. हे १९९६ मध्ये छापून आलं. नंतर एका वर्षानं विचारलं, तर ज्यांनी त्या स्नायूचा वेगळा व्यायाम केला नव्हता त्यांतल्या ८४ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला होता. व्यायाम केलेल्यांत ३० टक्के.

काका : म्हंजे मी ज्याला दुसऱ्या दिवशी मोंढ्यात बसवतो...

पुतणी : बसवता ते योग्यच. आठव्या दिवशी त्याच्या पाठीवर पुन्हा पूर्ण कट्टा देता, तिथं माझं भांडण आहे.

इथपर्यंत पुतणीची सरशी वाटेल, पण मोंढ्यातल्या माणसाला नुसतं अडाणी समजणाऱ्यांतला मी नाही. ओझं वाहायची जी रीत हमालांनी पिढ्यान्पिढ्या घडवली, तिच्यात शहाणपण आहे, आणि ते पुस्तकाच्या हिशेबानंही खरं ठरतं. काकांनी नेमका तोच मुद्दा काढला.

काका : तू पाठ बघितलीस, आता काम बग. आमचा हमाल जमिनीवरून पोतं कधी एकटा उचलत न्हाई. दोघं जण पोतं धरून वर उचलून देतात, तो खाली वाकून पाठ पुढं करतो, पोतं पाठीवर बसलं की सरळ होऊन चालायला लागतो. हातात घेऊन कुणी चालत न्हाई. जो नवीन पोरगा ताकद दाखवायला जमिनीवरून एकटा उचलतो, तो महिन्यात बसतो. हे आम्हाला कुण्या डॉक्टरनं शिकवलं न्हाई.

पुतणी : आणि याच्याहून चांगलं डॉक्टरला सांगताही येणार नाही. हिशेब करून बघा. कमरेच्या गादीच्या मध्यापासून मागच्या स्नायूंपर्यंतचं अंतर जेमतेम ५ सेंटिमीटर आहे. ५० किलोचा कट्टा तुम्ही हातानं उचललात आणि तो गादीपासून ४० सेंटिमीटर पुढं आहे, असं धरा. अंतर आठपट, म्हणून स्नायूंना ४०० किलोंच्या तोलाची ओढ द्यावी लागते. वाकलेल्या धडाचं वजन त्यात अजून धरलंच नाही. ही सगळी ओढ शेवटी गादीवर दाबून बसते. तोच कट्टा पाठीवर घेतला की त्याचं वजन कण्याच्या अगदी जवळून खाली उतरतं, पुढचं अंतर जवळपास उरतच नाही. ओझं तेवढंच, स्नायूंची ओढ कितीतरी कमी.

काका : मग कशाचं भांडण?

पुतणी : थप्पीचं. तुम्ही मला लहानपणी मोंढ्यात न्यायचात, तेव्हापासूनचं आठवतं. पोतं घेऊन फळीवरून वर चढायचं, आणि वर गेल्यावर कमरेतून वळून बाजूला टाकायचं. वाकलेलं असताना वळणं गादीला सगळ्यांत वाईट. गादीच्या कडेचे धागे एका थरात एका दिशेला तिरपे, पुढच्या थरात उलट दिशेला. पिळा बसला की निम्मेच धागे भार घेतात, उरलेले सैल पडतात. त्यात चढून आलेला माणूस दमलेला. दमलेला स्नायू उशिरा जागा होतो. तुमच्या टोळीत उसण कुठल्या वेळेला भरते?

काका : (विचार करून) दुपारनंतर. ट्रक भरायच्या घाईत. सकाळी क्वचितच.

पुतणी : हेच म्हणतेय मी.

काका : अन् कमरेला पंचा आवळून बांधतो, त्याचा काही उपयोग?

पुतणी : श्वास रोखून पोट आवळलं की पोटातला दाब वाढतो आणि कण्याला पुढून थोडा आधार मिळतो. पंच्यानं त्याला जरा साथ होते. पण धडधाकट माणसाला पट्टा बांधून दुखापत टळते, असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या संस्थेनं १९९४ मध्येच तसं सांगितलंय. बांधा हवा तर. त्याच्या भरवशावर एक पोतं जास्त घेऊ नका.

आतून काकूची हाक आली, चहा कोण करणार म्हणून. पुतणी उठली, चहा टाकून परत आली, आणि बोलणं मोंढ्यावरून शेतावर गेलं. माझ्या मते या सगळ्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो, कारण मराठवाड्यात पाठीवर पोतं घेणाऱ्यांपेक्षा पाठ वाकवून काम करणाऱ्यांची गर्दी कितीतरी मोठी आहे, आणि त्यांत बहुतेक बाया आहेत.

काका : तुझी काकू काही पोती उचलत न्हाई. सोयाबीन काढलं दहा-बारा दिवस, झालं. विळ्याला काय वजन असतंय? माझ्या पाठीला काही होत न्हाई अन् हिची कामून धरतीय? नाजूकपणा हाय, दुसरं काय.

पुतणी : उभे राहा, काका. पाय जुळवा. मी तुमच्या कमरेवर दोन्ही बाजूंना बोटं ठेवते. आता हळूहळू पुढं वाका. गुडघे वाकवू नका. हळू.

काका : (वाकत) हं.

पुतणी : आत्ता उंचवटे कडक झालेत. पाठीनं धड धरून ठेवलंय. आणखी वाका. आणखी. पार खाली, जिथं आपोआप थांबाल तिथपर्यंत. आता तुमचाच हात मागं आणून चाचपा.

काका : अरे... मऊ पडलंय!

पुतणी : पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू काम सोडतात. यंत्र लावून बघितलं तर त्यांच्यातली विजेची खूण जवळजवळ नाहीशी होते. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी हे नीट नोंदवलं. मग धड कशावर लोंबतं? अस्थिबंधांवर, गाद्यांच्या मागच्या कडांवर. सोयाबीन काढणारी, खुरपणारी, कापूस वेचणारी बाई दिवसभर अशी लोंबलेली असते. अस्थिबंध ताणून राहिले की हळूहळू लांबतात, आणि उभं राहिल्यावर लगेच जागेवर येत नाहीत. वीस मिनिटं वाकून राहिलेल्या माणसांच्या कण्यात अर्ध्या तासानंतरही थोडी ढिलाई सापडली आहे. आता काकूनं काय केलं ते तुम्हीच सांगा. दिवस मावळेपर्यंत विळा, आणि मग?

काका : मग पाऊस येतोय म्हणून भारे उचलून एकावर एक रचत बनीम लावायला घेतली सगळ्यांनी. घाईघाईनं.

पुतणी : सगळ्यांत सैल झालेल्या कण्यावर सगळ्यांत मोठं ओझं, तेही कमरेतून वळून फेकायचं. नाजूकपणा कसला, काका? हमालाला दोघं जण पोतं उचलून देतात. काकूला भारा उचलून द्यायला कोण होतं?

काका काही बोलले नाहीत. मग त्यांनी वेगळ्या बाजूनं विषय धरला.

काका : पण बायका डोक्यावर हंडा घेऊन कशा ताठ चालतात, ते बग. दुष्काळात, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या साली, २०१६ ला, तुझ्या काकूनं टँकरपासून घरापर्यंत किती हंडे आणले. तेव्हा न्हाई धरली कंबर.

पुतणी : डोक्यावरचा हंडा कण्याच्या रेघेत असतो, पुढं अंतर नाही. तो त्रास देत नाही. त्रास देतो तो जमिनीवरून उचलताना, आणि भल्या पहाटे जास्त. रात्रभर झोपल्यावर गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. त्या वेळी वाकलं की गादीवर ताण जास्त येतो. उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून जड उचलू नये, एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो. काकूचा दिवसच हंड्यानं सुरू होतो.

काका : तिला डॉक्टरकडं न्यावं का मग?

पुतणी : पायाला मुंग्या, बधिरपणा, पायातलं बळ कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिर होणं, ताप, पडून झालेली दुखापत, यातलं काही असतं तर आत्ताच घेऊन गेले असते. शेवटच्या दोन गाद्यांपाशी नस दबली की पाय बोलतो. मी बघितलं, यातलं तिला काही नाही. तिला चालू द्या, घरातलं हलकं काम करू द्या. दोन आठवड्यांनी मी पालथं झोपवून हात-पाय उचलायचा व्यायाम शिकवीन. रोज. दुखणं थांबल्यावरही.

काका : म्हंजे शेवटी मेहनतच की! मी काय वेगळं म्हणतोय? पाठीला मेहनत पायजे. आपल्या गल्लीत खोल्या करून राहिलेली नीटची पोरं बग. दहा-दहा तास खाली मान घालून बसतात. वीस वर्षांचं पोर अन् मान धरली म्हणतंय. त्यांच्यावर कुठलं पोतं हाय?

पुतणी : इथं तुमचं शंभर टक्के खरं आहे. डेन्मार्कमध्ये बिअरिंग-सोरेनसेन यांनी १९८४ मध्ये एक साधी चाचणी छापली. माणसाला पलंगावर पालथं झोपवायचं, कमरेपासून वरचं धड कडेबाहेर, पाय बांधलेले, आणि धड हवेत सरळ धरून ठेवायचं. फार तर चार मिनिटं. ज्या पुरुषांना जास्त वेळ धरता आलं, त्यांना पुढच्या वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी निघालं. पाठीला एकदाच शंभर किलो उचलायची ताकद फारशी लागत नाही. थोडा भार बराच वेळ धरून ठेवायचा दम लागतो. पोरांच्या पाठीला तो दम यायला काही कारणच घडत नाही. तासाला उठून चार पावलं चालली आणि रोज वीस सपाट्या मारल्या तरी पुष्कळ.

काका : हे मोंढ्यात येऊन सांग. तालमीला पोरं मिळत न्हाईत.

पुतणी : सांगते. पण त्याच मोंढ्यात दुसरंही सांगेन. पोरांना भार कमी पडतो, तुमच्या टोळीला विसावा कमी पडतो. स्नायू नुसत्या भारानं वाढत नाही, काका. भार आणि त्यानंतरचा आराम, दोन्ही मिळून वाढवतात. तालमीत वस्ताद तुम्हाला दिवसभर जोर मारायला लावत होते का?

काका : न्हाई. सकाळ-संध्याकाळ. मधी खुराक अन् झोप.

पुतणी : मग पैलवानाच्या पाठीला विसावा आणि हमालाच्या पाठीला नाही, असं का?

काका : कारण पैलवानाला जोरावर पैसे मिळत न्हाईत. हमाली पोत्यावर मिळतीय. थांबला की बुडाली.

मला वाटतं, पाठीबद्दलची सगळी पुस्तकं ज्या ठिकाणी संपतात ते ठिकाण हे. कसं उचलावं, कसं बसावं हे सांगणारे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर असतात, पण किती उचलायचं आणि किती वेळानं थांबायचं हे ठरवणं त्या पाठीच्या हातात नसतं. ते वेळोवेळी भांडून मिळवावं लागलं आहे. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं पुरुषानं एकट्यानं वाहायचं ओझं ५५ किलोंच्या वर नसावं अशी शिफारस केली. ज्या १९६९ साली बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले, त्याच साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणण्याचा लढा दिला. काकांच्या डाव्या कमरेतला बारीक राहिलेला स्नायू त्या क्विंटलाच्या दिवसांतला आहे.

काका : पोतं निम्मं झालं ते आमच्या भांडणामुळं झालं, तुझ्या पुस्तकामुळं न्हाई.

पुतणी : मान्य. पुस्तकात तर त्याच्याही निम्मं आहे. हातानं उचलायचं ओझं, अंगाला लागून, कमरेच्या उंचीवर, न वळता, अधूनमधूनच उचलायचं असेल तर अमेरिकेतला हिशेब २३ किलोंपासून सुरू होतो आणि अडचण वाढेल तसा खाली येतो.

काका : तेवीस किलोत मोंढा चालायचा न्हाई, माय. शेतकऱ्याचा बारदाना दुप्पट होईल, आडत्या ओरडंल, अन् हमालाच्या खेपा दुप्पट होतील. ते मी मान्य करणार न्हाई.

पुतणी : करू नका. मी वजन मागत नाही, वेळ मागते. थप्पीवर चढणारा दर तासाला बदला. चढणारा खाली पोतं उचलून द्यायला येऊ दे, खालचा वर जाऊ दे. पोती तेवढीच जातील. आणि वर वळून टाकायचं नाही, पाय वळवून टाकायचं. उसण भरलेल्याला महिनाभर काट्यावर ठेवा, थप्पीवर नको.

काका : आलटूनपालटून करता येईल. ते माझ्या हातातलं हाय. पण महिना? त्याच्या वाट्याची हमाली टोळीनं वाटून घ्यायची म्हणतेस. पोरं कुरकुरतील.

पुतणी : पुढच्या महिन्यात त्यांतल्याच कुणाची तरी पाळी असेल.

काका : ...बोलून बघतो. वचन देत न्हाई. अन् तुझ्या काकूचं काय? तिथं मी मुकादम न्हाई. सोयाबीनचं गुत्तं एकरावर असतंय. बायका जेवढ्या कमी, तेवढा एकेकीचा वाटा मोठा. तिथं तासाला उभं राहायचं म्हणलं तर गुत्तं कधी उरकायचं?

पुतणी : तुम्ही हमालीचा दर ठरवायला आडत्यांबरोबर बसता. बायकांच्या गुत्त्याची बोली करायला कोण बसतं?

काका : शेताचा मालक अन् गड्यांपैकी कुणी तरी. बायका न्हाई बसत.

काकू : (आतून, भिंतीला हात लावून उठत) पुढच्या साली मी बसणार हाय. एकराला एक बाई जास्त लावा म्हणते, अन् बनीम दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं आल्यावर. पाऊस येणार असंल तर मालकानं ताडपत्री आणावी. कागदावर लिहून दे गं पोरी, किती वेळानं उभं राहायचं ते. बाकीच्या बायकांना दाखवायचंय.